तारू

लग्नाचं वऱ्हाड निघालं होतं, गवळ्यांचं. वाट रानातली, ऊन डोक्यावर, आणि पाण्याचा कुठे मागमूस नाही. वऱ्हाडी तहानेनं व्याकूळ झाले, तेव्हा कुठूनसा एक अनोळखी म्हातारा पुढे आला. नवरानवरीनं आपल्या हातांनी इथं खणावं, पाणी लागेल, असं त्यानं सांगितलं. लोक हसले, पण तहान काही हसण्यावारी जात नव्हती. दोघांनी माती उकरली आणि स्वच्छ झरा उसळून वर आला. सगळे पोटभर प्याले. पाणी मात्र थांबेना. घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, आणि बघता बघता नवरानवरीसकट सगळं वऱ्हाड त्याखाली गेलं. पुढे कुणा अदृश्य हातांनी त्या तळ्याच्या तळाशी देऊळ बांधलं आणि बुडालेल्यांचे जीव तिथं बसू लागले. काठावर ताडाचं एक झाड होतं. ते दिवसा दिसायचं आणि तिन्हीसांजेला जमिनीत उतरायचं. एक धाडशी यात्रेकरू त्याच्यावर जाऊन बसला. झाडानं त्याला थेट आभाळात नेलं, तिथं तो सूर्याच्या तापानं करपून गेला, झाडाची माती झाली आणि त्या जागी तळ्याच्या देवाची मूर्ती प्रकटली.

हे तळं ताडोब्याचं. चंद्रपूर जिल्ह्यातलं, म्हणजे जुन्या चांद्यातलं, आज ज्याच्या काठी वाघ बघायला जिप्सी उभ्या राहतात तेच. चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेलं मध्य प्रांताचं गॅझेटिअर १८७० साली नागपुरात छापलं गेलं, त्यात ही कथा आहे. महसूल, नद्या, गावं, धान्याचे भाव या सगळ्या मजकुरात ती अशी शांतपणे बसली आहे की वाचणारा एकदम थबकतो. तिथल्या गावांमध्ये दुसरीही एक कथा चालते. तारू नावाचा गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना तो मेला, लोकांनी तळ्याकाठी झाडाखाली त्याचं ठाणं केलं, आणि पौषात तिथं जत्रा भरू लागली. ताडोबा हे नाव त्या तारूवरून आलं, असं सांगतात.

मराठी बायबल वाचलेल्या माणसाला या नावापाशी थोडं थांबावंसं वाटतं. उत्पत्तीच्या पुस्तकात देव नोहाला लाकडाचं जे भलंमोठं जहाज बांधायला सांगतो, त्याला मराठी भाषांतरकारांनी शब्द वापरला आहे तारू. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. तरी ज्या काळाबद्दल इथं लिहायचं आहे, त्या एकोणिसाव्या शतकात चांद्याच्या रानात हिंडलेल्या गोऱ्या माणसांच्या डोक्यात नोहाचं तारू कायम तरंगत होतं. आणि ते आलं होतं चित्रांमधून.

युरोपात पवित्र कथा रंगवायची जुनी रीत ठरलेली होती. येशू, मरिया, संत मध्यभागी, मोठ्या आकारात. मागं खिडकीतून डोंगराचा एखादा तुकडा दिसला तर दिसला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच इटलीत आन्निबाले कार्राच्चीनं इजिप्तला पळून जाणारं पवित्र कुटुंब एका प्रशस्त निसर्गचित्रात लहानसं दाखवलं होतं, पण ती वाट रुंद झाली एकोणिसाव्या शतकाच्या तोंडाशी, रोमँटिक चित्रकारांच्या हाती. योसेफ आंतोन कोख यानं १८०३ मध्ये प्रलयानंतर नोहा देवाचे आभार मानतो ते दृश्य रंगवलं. त्यात धुऊन निघालेली नवी पृथ्वीच जास्त लक्ष वेधून घेते. १८०८ च्या नाताळात ड्रेस्डेनमध्ये कास्पार डाविड फ्रीडरिश यानं आपल्या घरी एक चित्र लोकांना दाखवलं. वेदीवर ठेवण्यासाठी केलेलं, पण त्यात होता एक डोंगर, सूचिपर्णी झाडं, मावळतीचे किरण आणि शिखरावर पाठमोरा क्रूस. रामडोर नावाच्या समीक्षकानं महिन्याभरात त्याच्यावर कडाडून टीका केली. निसर्गचित्रानं देवळात शिरून वेदीवर चढून बसावं, हे त्याला सोसलं नाही.

रामडोरनं वर्मावर बोट ठेवलं होतं, असं मला वाटतं. निसर्ग देवळात शिरला म्हणजे दोन गोष्टी होतात. डोंगर पवित्र होतो आणि माणूस लहान होतो. या दोन्हींचा चांद्याच्या रानाशी जवळचा संबंध आहे.

त्या चित्रकारांमध्ये सर्वांत लोकप्रिय होता इंग्लंडचा जॉन मार्टिन. त्याचं जलप्रलयाचं चित्र १८२६ मध्ये प्रदर्शनात आलं, १८२८ मध्ये त्याचं मेझोटिंट निघालं, आणि १८३४ मध्ये त्यानं तेच दृश्य पुन्हा मोठं रंगवलं. काळ्या भोवऱ्यासारखं आभाळ, कोसळणारे कडे, लाटांच्या भिंती, आणि एका खडकावर एकमेकांना धरून बसलेली इवलीशी माणसं. आभाळात सूर्य, चंद्र आणि धूमकेतू एकाच वेळी दिसतात, कारण त्यांच्या एकत्र येण्यानंच समुद्र उसळला असावा असा मार्टिनचा तर्क होता. नामांकित फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए त्याच्या चित्रशाळेत गेला आणि चित्र पाहून खूश झाला. हाच मार्टिन पुढे, १८३८ मध्ये, गिडियन मँटेलच्या भूगर्भशास्त्रावरच्या पुस्तकासाठी इग्वानोडॉन या महाकाय सरड्यांच्या प्रदेशाचं मुखचित्र काढून देतो. एकच हात, तेच काळं आभाळ, फक्त नोहाच्या जागी आता दगडात सापडलेले प्राणी.

बायबल आणि दगड त्या पिढीला वेगळे काढता येत नव्हते, म्हणून हे घडलं. ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंडनं १८२३ मध्ये गुहांमधली हाडं म्हणजे नोहाच्या प्रलयाचा पुरावा असं मांडलं आणि १८३६ मध्ये स्वतःच ते मागं घेतलं. टर्नरनं १८४३ मध्ये प्रलयाच्या संध्याकाळचं आणि दुसऱ्या सकाळचं अशी चित्रांची जोडी प्रदर्शनात मांडली. सकाळच्या चित्रात पिवळ्या उजेडाच्या गोलात मोशे बसून उत्पत्तीचं पुस्तक लिहितो आहे, पण तो शोधावा लागतो.

त्याच १८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. सरकारी चर्च सोडून शेकडो धर्मोपदेशक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च उभारलं. या नव्या चर्चचं वर्तमानपत्र चालवणारा संपादक होता ह्यू मिलर, एके काळचा पाथरवट, नंतरचा भूगर्भशास्त्रज्ञ. १८५७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, त्याचं जे पुस्तक निघालं त्यात त्यानं एक कल्पना मांडली आहे. सृष्टीच्या निर्मितीचे सहा दिवस मोशेला एकामागून एक सरकणाऱ्या भव्य चित्रांसारखे दाखवले गेले असावेत, त्या काळी शहरांतून तिकीट लावून दाखवत त्या डायोरामासारखे. म्हणजे उत्पत्तीचा पहिला अध्याय हीच एक निसर्गचित्रांची मालिका! या मताचा पाया विज्ञानात किती होता हे सोडा. पण धर्म, दगड आणि चित्र यांची एवढी घट्ट वीण दुसरीकडे दिसणार नाही.

याच फ्री चर्चचा सत्तावीस वर्षांचा तरुण मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरात आला. नागपूरकरांना हे नाव कॉलेजामुळे ठाऊक असतं. तिसरे रघुजी भोसले तेव्हा गादीवर होते. १८५३ च्या डिसेंबरात ते वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं, चांदा जिल्हा झाला. त्या सगळ्या उलथापालथीत हिस्लॉप शाळा चालवत होता, मराठीत उपदेश करत होता आणि फुरसतीच्या वेळात दगड फोडत होता. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर लिहिलेला नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा त्याचा लेख १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात आला. नागपूरच्या दक्षिणेला वर्धा नदीच्या खोऱ्यात मांगली नावाचं गाव आहे. तिथल्या वालुकाश्मात एक चपटी, रुंद कवटी सापडली. तीही लंडनला पोचली आणि रिचर्ड ओवेननं त्याच वर्षी तिला नाव दिलं, ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. बेडकाच्या दूरच्या नात्यातला, मगरीसारखा पाण्यात दबा धरून राहणारा प्राणी. आणखी खाली, प्राणहितेच्या काठी, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याजवळ कोटा इथं दगडात मासे सापडले होते. त्यांतल्या एकाचं वर्णन इंग्लंडात १८५१ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. सिरोंचा तालुक्यात वडधम इथं आता जीवाश्मांचं उद्यान आहे, दगड झालेले वृक्ष तिथं आडवे पडलेले दिसतात.

डोंगराच्या पोटात मासे. हिस्लॉपच्या आधीच्या पिढीतला मिशनरी असता, तर त्यानं गुडघे टेकून नोहाचं नाव घेतलं असतं. हिस्लॉपनं तसं केलं नाही. त्यानं थर मोजले, पानांचे ठसे गोळा केले, ते कोणत्या काळातले यावर लंडनच्या तज्ज्ञांशी पत्रांतून वाद घातला. त्याच्यासारख्यांनी चाळलेल्या या थरांना पुढे १८७० च्या दशकात भूगर्भशास्त्रात गोंडवाना हे नाव मिळालं, आणि १८८५ मध्ये एडवर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं दक्षिणेकडचे भूभाग एकेकाळी जोडलेले होते अशी कल्पना करून त्या खंडालाही तेच नाव दिलं. गोंड माणसाचं नाव अशा रीतीनं आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन बसलं. गोंडांना मात्र त्याचा कुणी निरोप दिला नाही.

हिस्लॉप दगडांइतक्याच चिकाटीनं माणसांचे शब्द गोळा करत होता. गोंडांची पुराणं सांगतो तो परधान. किंगरी हे तारांचं वाद्य वाजवत यजमानाच्या दारी जाऊन तो वंशावळी गातो, देवांच्या कथा गातो. अशाच एका परधानाकडून हिस्लॉपनं लिंगोची गाथा उतरवून घेतली. गोंडी शब्द रोमन अक्षरांत, ओळीमागून ओळ.

या गाथेत सृष्टी आहे, जन्म आहे, मरण आहे, सुटका आहे. गोंड जन्मले आणि महादेवानं त्यांना डोंगराच्या गुहेत कोंडून दगड लावला. चौघे तेवढे निसटून काचीकोपा लोहागडच्या रानात जाऊन राहिले. लिंगो फुलातून जन्मला, मध पिऊन वाढला. तो या भावांमध्ये येऊन राहिला, त्यांना विस्तव मिळवून दिला, शेती शिकवली. भावांनी मत्सरानं त्याला मारलं, अमृतानं तो पुन्हा उठला. मग कोंडलेल्या गोंडांसाठी त्यानं काट्यांवर तप केलं, महादेवाला प्रसन्न केलं, आणि गुहेचा दगड सरकला. गोंड बाहेर पडले. वाटेत नदी आडवी आली. आभाळ भरून आलं, पाऊस कोसळला, नदी दोन्ही काठ सोडून वाहू लागली. बाकीचे पार झाले. लिंगो आणि चौघे भाऊ अलीकडेच राहिले. तेव्हा मगर आणि कासव पुढे आले. मगरीनं मध्यावर नेऊन दगा दिला. कासवानं तारलं, आणि त्या दिवसापासून कासवाला इजा न करण्याची शपथ झाली.

पावसाळ्यात भामरागडला गेलेल्या माणसाला ही नदी कल्पनेतली वाटणार नाही. पर्लकोटा पुलावरून पाणी गेलं की आजही तिथल्या गावांचा जगाशी संबंध तुटतो, आणि लोक पलीकडच्या काठाकडे बघत थांबतात. गाथेतला पूर हा अशा रोजच्या ओळखीचा पूर आहे. त्यात देवाचा कोप नाही. ताडोब्याच्या पाण्यातही तो नव्हता. तिथं वऱ्हाडाला तहान लागली होती, इथं पलीकडे जायचं आहे. मार्टिनच्या चित्रातला पूर पापाची शिक्षा म्हणून येतो, म्हणून त्याचं आभाळ एवढं काळं.

१८६३ च्या सप्टेंबरात नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट इथली प्राचीन शिळावर्तुळं उकरण्याचं काम हिस्लॉपनं काढलं होतं. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलही तिथं होते. ४ तारखेला परतीच्या वाटेवर हिस्लॉप घोड्यावरून एकटाच निघाला. पावसानं ओढा भरला होता. अंधारात तो त्या पाण्यात बुडून मेला, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. ज्यानं लिंगोच्या पुराच्या ओळी आपल्या हातानं लिहून घेतल्या होत्या, त्याला पार नेणारं कासव त्या ओढ्यात भेटलं नाही.

त्याचे कागद टेंपलनं गोळा केले आणि १८६६ मध्ये नागपुरात छापून घेतले. हे टेंपलचं मोठं काम आहे, नाहीतर ती गाथा त्या रूपात राहिलीच नसती. पण टेंपलची दुसरी एक बाजू मला इथं महत्त्वाची वाटते. हा माणूस चित्रकार होता. कारभार कुठलाही असो, त्याच्या सामानात रंगांची पेटी असे. तो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, निवृत्त झाला, आणि १८८८ मध्ये लंडनमध्ये त्याचं एक पुस्तक निघालं: पॅलेस्टाइनचा सचित्र प्रवास. त्यातली रंगीत चित्रं त्याची स्वतःची. जेरुसलेम, यार्देन नदी, गालीलचा समुद्र. बायबलातल्या प्रसंगांच्या जागा, संध्याकाळच्या उजेडात, मोकळ्या आभाळाखाली. म्हणजे ज्यानं गोंडांची उत्पत्तीची गाथा छापली, त्यानंच हिब्रूंच्या उत्पत्तीची भूमी रंगवली. दोन्हीकडे त्याची नजर एकच होती: पवित्र कथा जिथं घडली तो प्रदेश पाहावा आणि त्याच्यासमोर नम्र व्हावं. त्याचा हा आदर खरा होता याबद्दल मला शंका नाही. मात्र हातात सत्ता असलेला माणूस एखाद्या रानासमोर नम्र होतो तेव्हा त्या रानात राहणाऱ्यांचं काय होतं, हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर जेम्स फोर्सिथच्या पुस्तकात अर्धं सापडतं. फोर्सिथ लष्करी अधिकारी, जंगलखात्यात काम केलेला, जबरदस्त शिकारी. त्याचं मध्य भारतातल्या डोंगराळ प्रदेशावरचं पुस्तक १८७१ मध्ये निघालं. त्याच वर्षी तो वारला, तेहतिसाव्या वर्षी. पुस्तकाच्या नावात त्यानं या प्रदेशाला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचा शब्द लावला आहे, आणि सगळं वर्णन त्याच नजरेनं चालतं: दऱ्या, धुकं, एकटेपणा, कड्यावर उभा गवा. याच पुस्तकात लिंगोची गाथा इंग्रजी पद्यात येते. फोर्सिथनं ती छाटून लहान केली आणि तिला लाँगफेलोच्या हायवाथाचा छंद दिला. हायवाथा हे अमेरिकेतल्या आदिवासींवरचं १८५५ चं काव्य, आणि त्याचा छंद लाँगफेलोनं फिनलंडच्या महाकाव्यावरून उचललेला. परधानाच्या किंगरीवरची गाथा अशी तीन खंड ओलांडून भलत्याच ठेक्यावर चालायला लागली. आणि लिंगोच्या नावामागं फोर्सिथनं चिकटवलं ‘संत’ हे ख्रिस्ती बिरुद.

हिस्लॉपच्या संहितेत लिंगो भुकेला होतो, भावांशी भांडतो, नदीकाठी हतबल उभा राहतो. फोर्सिथच्या पद्यात तो डोंगरांच्या पार्श्वभूमीवरची एक सुंदर आकृती होतो. निसर्गचित्राला जिवंतपणा यावा म्हणून चित्रकार पायवाटेवर दोनचार माणसं टाकतो, तशी. फोर्सिथ चांगला लेखक होता आणि त्याला या रानाचं खरोखर वेड होतं, म्हणूनच हे बोचतं.

कागदावर माणसं अशी लहान होत असताना जमिनीवर काय चाललं होतं ते वेगळं सांगायला हवं. हिस्लॉपचं नागपुरात येणं आणि टेंपलची छपाई यांच्यामध्ये १८५८ आहे. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंड आणि रोहिल्यांची फौज जमवून इंग्रजांविरुद्ध उठाव केला. अडपल्लीचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलच्या अखेरीला प्राणहितेच्या काठी तारायंत्राच्या कामावरचे दोन इंग्रज मारले गेले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या मदतीनं बाबुराव पकडले गेले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. तुरुंगातल्या पिंपळापाशी दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात. दोनच वर्षांत प्रांताच्या जंगलांची व्यवस्था कॅप्टन पिअर्सन यांच्याकडे आली, १८६५ आणि १८७८ चे जंगल कायदे आले. अहेरी आणि आलापल्लीचा साग जगात नावाजला गेला. माडिया गोंडांची पेंदा शेती, म्हणजे झाडझाडोरा तोडून जाळायचा आणि त्या राखेत पेरायचं, ही नव्या नकाशावर रानाची नासाडी ठरली. फ्रीडरिशच्या डोंगरावर माणूस नव्हता, नुसता क्रूस होता. राखीव जंगलाच्या नकाशात क्रूसाच्या जागी हद्दीचे बुरूज आले.

चित्रकारांच्या नजरेनं हे कायदे केले, असं मी म्हणत नाही. सागाला बाजार होता, रेल्वेला स्लीपर हवे होते. पण निर्मनुष्य रान म्हणजेच खरं रान, ही समजूत मात्र त्या नजरेतून आली, आणि ती अजून गेलेली नाही. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. २००७ पासून पुढच्या काही वर्षांत बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं आतून बाहेर हलवली गेली. वाघ वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे. तारूचं ठाणं तळ्याकाठी आहे तिथंच आहे. त्याचे भक्त आता जंगलाच्या वेशीबाहेर राहतात.

तिसरा प्रलय वैनगंगेच्या काठी आहे. चामोर्शी तालुक्यात नदी एके ठिकाणी वळून उत्तरेकडे वाहते, आणि तिथं मार्कंडादेवाची देवळं उभी आहेत. हजार वर्षांच्या आसपास जुनी, पिवळसर दगडाची, बाहेरून तसूभर जागा न सोडता कोरलेली. वीज पडून मुख्य देवळाचं शिखर कोसळलं आणि गोंड राजवटीत त्याला आधार दिला गेला, असं सांगतात. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात इथं आला आणि त्यानं मोजमापं घेऊन अहवाल लिहिला. महाशिवरात्रीला इथं मोठी जत्रा भरते.

मार्कंडेय म्हटला की आपल्याला आठवतो लिंगाला मिठी मारणारा सोळा वर्षांचा मुलगा आणि फास घेऊन आलेला यम. पण महाभारताच्या वनपर्वातला मार्कंडेय हा प्रलयाचा साक्षीदार आहे. पांडव अरण्यात असताना तो त्यांना दोन पूर सांगतो. एक मनूचा: माशानं सांगितलं, नाव बांध, बी-बियाणं घे, दोर माझ्या शिंगाला अडकव. दुसरा त्याचा स्वतःचा: सगळीकडे पाणी, तो एकटा पोहतो आहे, थकला आहे, आणि पाण्यावरच्या एका वडाच्या फांदीवर त्याला बाळ दिसतं. बाळ तोंड उघडतं, तो आत ओढला जातो, आणि त्या पोटात त्याला नद्या, डोंगर, नगरं, माणसं सगळं जग जसंच्या तसं सापडतं. टर्नरला ही कथा कुणी सांगितली असती तर त्यानं काय केलं असतं, असं वाटून जातं. अगदीच अशक्य नव्हतं ते, कारण बर्लिनमध्ये फ्रान्त्स बोपनं १८२९ मध्येच मनूच्या प्रलयाचं आख्यान संस्कृतातून छापलं होतं, आणि जर्मन विद्वान नोहा आणि मनू शेजारी शेजारी ठेवून बघत होते. ज्याच्या तोंडून ते आख्यान आलं त्या ऋषीचं देऊळ चांद्याच्या रानात आहे, हे बहुधा त्यांच्यापैकी कुणाच्या कानावर गेलं नसेल.

मार्कंड्याच्या भिंतींवर निसर्ग नाही. देव, अप्सरा, व्याल, योद्धे, सगळे खांद्याला खांदा लावून. झाड आलंच तर कुणाच्या तरी हाताला टेकू म्हणून. नदी दाखवायची गरजच वाटली नसावी, ती दहा पावलांवर वाहते आहे.

पुराणकथेला मागं रान लावण्याची पद्धत आपल्याकडे रुजवली राजा रविवर्म्यानं. बडोद्याच्या सयाजीरावांसाठी १८८८ नंतर त्यानं चौदा चित्रं केली, पुढे १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, आणि ती दृश्यं घरोघरी गेली. त्याच्या चित्रांमधले डोंगर, झाडं, ढग कितीदा तरी त्याचा धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा रंगवत असे. तो स्वतः निसर्गचित्रकार होता, पण नाव मागंच राहिलं. बडोद्याच्या त्या मालिकेत नल-दमयंती आहे: वनात झोपलेली दमयंती आणि तिला सोडून जाणारा नल. दमयंती आपल्या विदर्भाची लेक. चित्रात रान आहे, पण ते विदर्भाचं म्हणून ओळखू येईल असं त्यात काही नाही. मोह नाही, तेंदू नाही, सागाचं रुंद पान नाही. नाटकाच्या पडद्यावर चालेल असं ते सुंदर रान आहे. इथं माणसं मोठी आहेत, एवढं मात्र खरं. युरोपची निसर्ग रंगवायची हातोटी रविवर्म्यानं घेतली, माणसाला ठिपका करण्याची सवय घेतली नाही.

चांद्याचं रान मात्र कॅनव्हासवर असं आलंच नाही. त्याच्या वाट्याला अहवाल आले, गॅझेटिअर आले, शिकारकथा आल्या, आणि १९०६ मध्ये चांद्यातल्या स्कॉटिश मिशनच्या अलेक्झांडर वुड यांचं तिथल्या कामाविषयीचं पुस्तक आलं.

गाथा मात्र परत घरी आली. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी, आयुष्यभर नोकरी सांभाळत, गोंडी लिपी, गोंडी शब्द, गोंडी पुनेम म्हणजे धर्म यावर पुस्तकं लिहिली. पारी कुपार लिंगोवरचं त्यांचं पुस्तक गोंड घरांमध्ये पोथीसारखं ठेवलेलं असतं. फोर्सिथनं दिलेलं संतपद त्यात नाही. त्यातला लिंगो गुरू आहे, संगीताचा जाणकार आहे. गुहेचा दगड काही केल्या हटत नव्हता, तेव्हा हिरासुका पाटालीर या वादकानं किंगरी वाजवली, आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, दगड सरकला, आणि हिरासुका त्याच दगडाखाली सापडून गेला. हिस्लॉपच्या टिपणात ही गोष्ट अशी नाही. गायकांच्या तोंडी गाथा वाढत असते, आणि वाद्य वाजवणाऱ्यानं तिच्यात स्वतःचं मरण घालावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

ती गुहा म्हणजे कचारगड, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, जिथं महाराष्ट्र संपून छत्तीसगड आणि मध्य प्रदेश सुरू होतात तिथं. माघ पौर्णिमेला तिथं गडचिरोलीहून, चंद्रपूरहून, तेलंगणातून, बस्तरमधून लोक येतात. पिवळे फेटे, खांद्यावर पेनांच्या म्हणजे देवांच्या काठ्या, ढोल, बायकांच्या डोक्यावर शिदोरीची गाठोडी. पायवाट अरुंद आणि चढ उभा, म्हणून रांग हळू सरकते. म्हातारी माणसं दगडावर टेकतात, कुणी पाण्याची बाटली पुढं करतं, पुन्हा चढणं सुरू होतं. गुहेच्या तोंडाशी पोचेपर्यंत पुढच्या माणसाची पाठ एवढंच दिसत राहतं. डोंगर केवढा आहे ते बघायला मान वर करावी, तर समोर कुणाच्या तरी खांद्यावर बसलेलं पोर असतं, आणि डोंगर दिसतच नाही.